बारा खुणा

नर्सबाईंनी भिंतीवर कागद चिकटवून दिला होता. दिवसाचे बारा रकाने. अंथरुणाला खिळलेल्या, नजर गेलेल्या बाबांची दर दोन तासांनी कूस बदलायची आणि रकान्यात खूण करायची. पाठीला जखमा झाल्या तर त्यांना सरळ वृद्धाश्रमात हलवावं लागेल, हेही बजावलं होतं. सांगायला कुणाचं काय जातं!

ताई घरीच शिवणकाम करायची. पहिला आठवडा तिने एक खेप चुकवली नाही. महिन्याभरात मात्र कंबर गेली, झोप गेली, निम्मी गिऱ्हाइकंही गेली. भाऊ दर रविवारी फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त." का नसणार? तुझी कंबर शाबूत आहे ना!

मग ती सकाळच्या चहाबरोबरच बाराच्या बारा खुणा करून टाकू लागली. वळवायची, पण जमेल तेव्हा. कधी अख्खी दुपार राहून जायची. घरात बोलायला तिसरं माणूस नव्हतं, त्यामुळे लाजही एकटीनेच गिळायची.

आज नर्सबाई न कळवता सकाळी अकरालाच आल्या. चादर बाजूला केली. माकडहाडाशी रुपयाएवढी जखम चिघळली होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं. दुपारी चारचा रकाना भरलेला, रात्रीचेसुद्धा.

"वळवते हो ती," बाबा म्हणाले. "वेळच्या वेळी. एक खेप चुकवत नाही."

बाबांनी तीस वर्षं गिरणीत हजेरी घेतली होती. खोटी हजेरी लावली म्हणून सख्ख्या मेव्हण्यालाही घरी बसवलं होतं. तो माणूस आज तिच्यापायी खोटं बोलत होता. हे मात्र तिला सोसवेना.

"खोटं आहे, सिस्टर. मी नाही वळवत. होतच नाही हो माझ्याच्याने!" आणि ती उभ्या उभ्या रडली.

नर्सबाईंनी जखम धुऊन पट्टी लावली, कागद काढून पिशवीत घातला. "हा वर दाखवावाच लागेल. पुढचं ते ठरवतील. तुम्ही एकट्या आहात, हेही लिहिते."

दार लागलं. ताईने बाबांना हळूच कुशीवर वळवलं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"कान शाबूत आहेत की. रोज सकाळी बारा वेळा पेन्सिल वाजायची." बाबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "म्हटलं, चला, पोरीचं एक काम तरी हातावेगळं झालं."