कडक भाकरी आणि कलम सात

देश

या गोष्टीत देश म्हणजे भुवनेश्वरी. लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. डिसेंबरअखेर पुण्यात स्पर्धा होती: परीक्षक जिनेव्हातली समिती बनून प्रश्न विचारणार, स्पर्धकाने भारताच्या वतीने उत्तरे द्यायची. विषय, आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. भारताने तो १९७९ साली मान्य केला. सोलापुरातल्या त्यांच्या गल्लीला हे अजून कोणी कळवले नव्हते.

समिती

सरावाला समिती हवी. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दोघी आयत्या बसलेल्या होत्या: दगडाबाई भाकरी थापत होती, सावित्रम्मा चुलीच्या कडेला भाकऱ्या उभ्या करून कडक करत होती. धंदा भुवनेश्वरीच्या अव्वाचा, म्हणजे आई नीलम्मांचा. नीलम्मा खुर्चीवर बसून पुडे बांधत होत्या. त्यांना समितीत घेतले नाही. त्यांनी विचारलेही नाही, पण त्यांचे कान पुड्यात नव्हते.

कलम सात

भुवनेश्वरीने वाचले: विश्रांती, फुरसत, कामाच्या तासांना मर्यादा, ठरावीक काळाने पगारी सुट्टी.

दगडाबाईचा हात परातीत थांबला.

"पगारी म्हंजे, न येता पैसे?"

"हो."

"हे कुटं लिवलंय?"

"करारात. आपल्या देशाने कबूल केलंय."

"मग मला तेरा तारखेला सुट्टी पायजे."

तेरा जानेवारीला सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता असतात. मंगळवेढ्याकडून लग्न करून आलेल्या दगडाबाईचे केस याच खोलीत पांढरे झाले, पण देवळाजवळच्या संमती कट्ट्यावर पडणाऱ्या अक्षता तिने पाहिल्या नव्हत्या. सिद्धेश्वरांची ही गड्ड्याची यात्रा म्हणजे भाकरीचा हंगाम. नंदीध्वजांच्या उंच काठ्या रस्त्याने जायच्या, हलगी ऐकू यायची आणि ही इथे थापत असायची. आवाजावरून काठ्या कुठवर आल्या ते सांगायची.

देशाचे उत्तर (पहिला प्रयत्न)

"माननीय सदस्या, हा करार देशाशी आहे. अव्वाशी नाही."

"मग देशानं तुज्या अव्वाला सांगायचं की."

सावित्रम्मा हसली. भाकरी तिच्या हातून पडली आणि मोडली नाही, इतकी कडक होती.

भुवनेश्वरीने वहीत लिहिले: या प्रश्नाला उत्तर शोधणे.

देशाचे उत्तर (दुसरा प्रयत्न)

"कलम दोन. देशाने आपल्या उपलब्ध साधनांच्या मर्यादेत, टप्प्याटप्प्याने हे हक्क द्यायचे आहेत."

"हे बरोबर आहे," खुर्चीवरून आवाज आला. नीलम्मांना करार आवडू लागला होता. "टप्प्याटप्प्याने. माझी साधनं काय, तर दोन बायका आणि एक चूल. यंदा चहा वाढवू. पुढच्या वर्षी बघू."

"मागच्या साली बी असंच म्हनला होता, अक्का."

"मागच्या वर्षी पंखा दिला की."

"तो फिरत न्हाय."

"टप्प्याटप्प्याने फिरेल."

भुवनेश्वरीने आईकडे पाहिले. तिला तीन आठवडे लागले होते हे शिकायला. आईने एका बैठकीत उचलले होते.

नीलम्मा रंगात आल्या. "आणि समितीला सांग, तेराला गिऱ्हाईक दारात उभं असतं. ताजी भाकरी त्याच दिवशी थापावी लागते. मी द्यायला तयार आहे गं, पण माल कुठून आणू?"

दगडाबाईने गोळा घेतला आणि नेहमीपेक्षा जोरात थापला.

मध्येच एक फोन

तो आला नसता तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि वाईट संपली असती.

नीलम्मांनी फोन कानाला लावला. अक्कलकोटचे गिऱ्हाईक होते, आधी कन्नडमध्ये, मग मराठीत.

"हो हो, कडकच. आज घेऊन ठेवा की. महिनाभर काही होत नाही. नरम पडली तर पैसे परत. अहो, लोक अमेरिकेला नेतात."

फोन ठेवला.

दोन सदस्या आणि एक देश त्यांच्याकडे बघत होते. पीठ झटकून दगडाबाईने तयार भाकऱ्यांची चळत नीलम्मांच्या खुर्चीपुढे सरकवली आणि पुन्हा पाटावर जाऊन बसली.

"बघू नका अशा," नीलम्मा म्हणाल्या.

कोणी नजर हटवली नाही.

"बारा तारखेपर्यंत सगळा माल झाला पाहिजे. सगळा."

"व्हतोय की."

"आणि पगार..." नीलम्मांनी देशाकडे पाहिले. देश चुलीतला जाळ सारखा करत होता. "बरं, पगारी. दोघींना."

निकाल

पुण्यात भुवनेश्वरीचा चौथा नंबर आला. परीक्षकांचा शेरा: अभ्यास चांगला, मात्र देशाचा प्रतिनिधी फार लवकर कबूल होतो.

तेरा जानेवारी

संमती कट्ट्याभोवती पांढरेच पांढरे होते, बाराबंदीतले पुरुष, आणि वर उंच काठ्या. गर्दीत दगडाबाई नीलम्मांचा पदर धरून उभी होती. माल बारालाच खपला, आता घरी बसून काय करू, असे म्हणत नीलम्माही आल्या होत्या. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेले, त्यानंतर आजच. हे त्यांनी भुवनेश्वरीला सांगितले, समितीला नाही.

अक्षता पडल्या. दगडाबाईने आपल्या मुठीतल्या टाकल्या, उरलेल्या दोन दाण्यांकडे पाहिले आणि त्याही टाकल्या. मग म्हणाली, "आवाजावरनं वाटायचं, लई लांब असंल. हे तर हितंच हाय."

परतताना नीलम्मा म्हणाल्या, "झालं समाधान? आता पुढच्या वर्षी नेहमीसारखं."

"अव्वा," भुवनेश्वरी म्हणाली, "जिनेव्हाच्या समितीचं म्हणणं आहे, एकदा दिलेला हक्क सहसा मागे घेता येत नाही. घ्यायचा तर फार भक्कम कारण दाखवावं लागतं."

नीलम्मा रस्त्यातच थांबल्या.

"हे त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"मी देशाच्या बाजूने होते ना."

दगडाबाई पुढे चालत होती. ती वळली नाही, पण तिने चालणे जरा हळू केले, म्हणजे मागचे नीट ऐकू यावे.

"आनि अक्का," ती म्हणाली, "तेवडा पंखा."