पद्मिनीचं उरलेलं औषध

सारंगखेड्याच्या बाजारातून धनसिंग गिरासेनं घोडी आणली आणि तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर ठरेनात. घोडीचं नाव ठेवलं पद्मिनी. शेतात कापूस वेचायचा पडलेला, गोठ्याचं छप्पर गळतंय, पण पद्मिनीच्या गळ्यात घुंगरांची माळ आणि पाठीवर मखमली झूल. संध्याकाळी ओट्यापुढं ढोल वाजायचा, घोडी नाचायची, आणि तिच्यापेक्षा जास्त धनसिंगच्या मिशा नाचायच्या. यानं म्हणे घराण्याची इज्जत वाढते. ताईबाई म्हणायची, घोडीची वाढली, याची होती तिथंच आहे.

ताईबाई धनसिंगची थोरली भावजय. ती लग्न होऊन आली तेव्हा हा उघडा फिरत होता आणि याचा शेंबूड तीच पुसत होती. म्हणून अख्खं गाव त्याला नाना म्हणत असलं तरी ती सरळ अरेतुरे करायची. नवरा वारलेला. मुलगा सुरतेला मिलमध्ये. सून विषमज्वरातून नुकती उठलेली, तिचं दूध आटलेलं, आणि पाळण्यात चार महिन्यांची नात. ताईबाईची स्वतःची म्हैस गाभण, भाकड. म्हणून रोज सकाळी धनसिंगच्या गोठ्यातून पोरीसाठी तांब्याभर दूध यायचं. लोटन गडी आणून द्यायचा.

फुकट. आणि हे फुकट धनसिंग साऱ्या दुनियेला ऐकवायचा. देवळापुढं, पिठाच्या गिरणीत, दोंडाईच्याच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा. "मना भाऊनी नात शे, मन्या म्हशीस्ना दूधवर वाढी ऱ्हायनी." ताईबाई ऐकून घ्यायची. पोरीचं पोट भरतंय ना, मग वाजव म्हणावं ढोल.

संक्रांत झाली आणि पद्मिनीला जंत झाले. केस राठ, पोट सुटलेलं, दोन गिरक्या घेतल्या की धाप. धनसिंगनं दोंडाईच्याचे जनावरांचे डॉक्टर बोलावले. त्यांनी लिहून दिलेलं औषध पुण्याहून मागवलं. सुईशिवायच्या इंजेक्शनासारखी जाड नळी, आत पांढरं मलम, घोडीच्या जिभेवर दाबायचं. चार दिवस धनसिंग ती नळी खिशात घालून गावभर हिंडला. शर्यतीच्या घोड्यांना हेच देतात, असं सांगत. जंताच्या औषधाची मिरवणूक काढणारा माणूस गावानं पहिल्यांदाच बघितला.

पुढच्याच आठवड्यात ताईबाईची नात बिघडली. हगवण लागली. रडायची पण नाही, नुसती सुस्त पडून. सून म्हणाली दात येत असतील. शेजारीण म्हणाली नजर लागली. ताईबाईनं नजर काढली, आणि पोरीला उगाळून द्यायला घरात जायफळ नव्हतं म्हणून मागायला धनसिंगच्या घरी गेली.

धनसिंग बाहेर होता. त्याची बायको भिकुबाई चुलीपुढं. बिचारी गरीब स्वभावाची, नवऱ्यापुढं तोंड न उघडणारी. तिनं चहा ओतून दिला. ताईबाईनं एक घोट घेतला आणि कपात बघितलं.

पातळ. पिवळट. गायीच्या दुधाचा चहा.

"काय वं भिकू, तुम्हना गोठामा दोन म्हशी, आनि चहा गायना?"

भिकुबाई चिमटा उगाचच राखेत फिरवत बसली.

"म्हशी आटन्यात का?"

"नही अक्का."

"मंग?"

भिकुबाईनं आधी दाराकडं बघितलं. मग हळूच बोलली. पद्मिनीला देऊन नळीत औषध उरलं होतं. इतकं महाग औषध फेकायचं कशाला, म्हणून धनसिंगनं ते दोन्ही म्हशींच्या तोंडात पिळलं. डॉक्टर घोडी बघायला परत आले तेव्हा मोठ्या ऐटीत त्यांना सांगितलं. डॉक्टर भडकलेच. दुभत्या जनावराला हे कोणी द्यायला सांगितलं? हे औषध दुधात उतरतं. पुढची पौर्णिमा होईपर्यंत हे दूध घरात घेऊ नका, लहान लेकराला तर थेंबही नको.

"म्हनीसन आम्ही नथ्थूकडथीन गायनं लेतस," भिकुबाई म्हणाली.

"आनि म्हशीस्नं कठे जास?"

भिकुबाईनं मान खाली घातली. ताईबाईला कोणी सांगायची गरजच नव्हती. आज सकाळीही लोटन तांब्या देऊन गेला होता.

ती जायफळ न घेताच उठली. तिथून सरळ नथ्थूच्या दारात. पदर पसरून वाटीभर गायीचं दूध आणलं, पोरीला चमच्यानं पाजलं. त्या दिवशी ती कोणाशी भांडली नाही. सुनेला वाटलं सासू घाबरली. सासू घाबरली नव्हती. तिला नुसती किळस आली होती. वाईट माणूस परवडला. हा वाईटही नाही, हा हिशोबी येडा. दूध ओतून दिलं तर वाया जाणार, आणि भावजयीला दिलं तर पुण्य लागणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटननं तांब्या आणला. ताईबाईनं दूध ठेवून घेतलं. त्यात पाण्याचा थेंब न घालता चहा केला, एक कप भरला आणि पदर डोक्यावर घेऊन धनसिंगच्या ओट्यावर गेली. तिथं चोपड्याचे पाहुणे बसलेले. मुलाच्या वरातीसाठी पद्मिनी ठरवायला आले होते. धनसिंग तक्क्याला टेकून बापजाद्यांच्या घोड्यांच्या गोष्टी सांगत होता. बापजाद्यांकडं एक तट्टू होतं, तेही लंगडं.

"या वैनी, या! पाव्हनास्ले चहा आना का?"

"पाव्हनास्ना भिकू करी ऱ्हायनी. हाऊ फक्त मना देरले. तुनाच म्हशीनं दूध शे, पी."

धनसिंगनं कपाकडं बघितलं. वर जाड साय. त्याचा चेहरा उतरला.

"मी चहा सोडी दिधा, वैनी."

"कव्हय?"

"आते... आजपासून."

पाहुण्यांतला एक म्हातारा हसला. "अहो घ्या गिरासे, भावजयीच्या हातचा आहे. आत्ता तर आमच्यासोबत घेणार होता!"

धनसिंगनं कप उचलला. ओठापर्यंत नेला. पुन्हा खाली ठेवला. बाजूला पद्मिनी घुंगरं वाजवत होती.

"नही पीत ना?" ताईबाई म्हणाली. "चार महिनानी पोर पिधी. तुना इतला वाघ घाबरस?" मग पाहुण्यांकडं वळली आणि घोडीच्या औषधाची सगळी गोष्ट सांगितली. आवाज चढवला नाही. शेवटी कप ओट्याखाली ओतला आणि म्हणाली, "म्हशीस्ना पोटमाधला किडा बठ्ठा मरी गयात म्हने. एकच वाची गया."

पाहुणे चहा न घेताच उठले. जेवायच्या वेळेला भिकुबाईनं चूल पेटवली नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच. धनसिंग ओरडला, तर म्हणाली, आधी अक्कांच्या पोरीचं बघा, मग भाकरी.

दुसऱ्या दिवशी लोटन नथ्थूकडचं गायीचं दूध घेऊन आला. नानांनी पाठवलंय म्हणाला. पोरगी भुकेली होती, पण ताईबाईनं तांब्याला हात लावला नाही.

"त्याले सांग, तू सवता लई ये. आनि मना समोर आधी तू पी."

धनसिंग आला. न येऊन करतो काय, घरात भाकरी नव्हती. तेव्हापासून ताईबाईची म्हैस व्यायेपर्यंत रोज सकाळी तो स्वतः तांब्या घेऊन गल्लीतून यायचा. बाया सडा टाकता टाकता थांबायच्या. दारात उभा राहून तो एक घोट प्यायचा, मिशा पुसायचा. घोट खाली उतरला की नाही, हे ताईबाई त्याच्या गळ्याकडं बघून ठरवायची. मग तांब्या हातातून घ्यायची.

"जाय आते," म्हणायची, आणि दार लावून घ्यायची.