देवकावरचं छप्पर

दामोदर चिरमुले पाहणीला येणार म्हटलं की विम्याचा दावा करणारे आपले कागद पुन्हा तपासून घ्यायचे. पुण्याहून बंगलोरला येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्यात एकही खोटा दावा त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. माणूस नाकासमोर चालणारा. दिसेल तेच लिहायचं, न दिसलेलं देवानं सांगितलं तरी लिहायचं नाही, हा त्याचा बाणा.

अठ्ठावन्न सालच्या वैशाखात बंगलोरच्या मल्लेश्वरम भागावर वावटळ आली. अर्ध्या घटकेत झाडं उन्मळली, पत्रे उडाले, घरं उघडी पडली. सहाव्या दिवशी दामोदर ठकुबाई मोहित्यांच्या दारात उभा राहिला. दाव्यात लिहिलं होतं, पुढच्या दोन्ही खोल्यांवरचं छप्पर उडालं. वर पाहतो तर छप्पर जागच्या जागी! दाराला आंब्याचं तोरण, अंगणात लग्नाचा मांडव आणि उंबऱ्यात पन्नाशीची, निपाणीकडच्या वळणाचं नऊवारी नेसलेली ठकुबाई.

"बाई, उडालं ते हेच का?" दामोदरनं विचारलं.

"हेच की अण्णा. मंगळवारी उडालं, बुधवारी घातलं."

"पाहणी व्हायच्या आत? कशालाही हात लावायचा नाही असं कलम आहे."

आता हिला कलम कुठलं ठाऊक? नवऱ्यामागं तिनं विम्याचा एक हप्ता चुकवला नव्हता, पण कागद सगळा इंग्रजीत. ती शांतपणे म्हणाली, "गुरुवारी आमच्या नीलाचं लग्न होतं. बुधवारी संध्याकाळी देवक बसायचं होतं. पंचपल्लवाचं देवक, ते काय उघड्या आभाळाखाली बसवू? एवढं कलमवाल्यांना कळत नाही होय?"

"मग फुटकी कौलं तरी दाखवा."

"ती कुटून मांडवाच्या जमिनीत घातली. पाहुण्यांचे पाय चिखलात जायला नकोत म्हणून."

दामोदरनं कपाळाला हात लावला. पुरावा होता तेवढा या बाईनं पाहुण्यांच्या पायाखाली घातला होता. त्यानं वहीत लिहिलं, 'नुकसान आढळले नाही,' आणि शिसपेन खिशात ठेवलं.

ठकुबाईचा चेहरा उतरला. "असं नका करू अण्णा. मृगाच्या आत मला कौलं आणायची आहेत. शब्द देऊन बसलेय मी."

कोणाला शब्द दिला, हे दामोदरनं विचारलं नाही. विचारायची त्याला सवयच नव्हती. तो पाणी प्यायला मागच्या पडवीत गेला, तेव्हा आतून तिच्या भावाचं, उमाजीचं, दबकं बोलणं कानावर आलं.

"अक्का, तो माणूस घोट घेतोय तोवर मी शिडी लावतो. स्वल्प दहा-वीस कौलं खाली टाकतो. नुकसान पाहिजे ना त्याला? घे म्हणावं!"

दामोदरनं फुलपात्र खाली ठेवलं. असलं सोंग त्यानं पुष्कळदा पकडलं होतं. पण ठकुबाई अशी कडाडली की पडवीतली मांजर उठून पळाली.

"मेल्या, माझी आहेत का ती? गंगव्वाच्या चुलीवरची कौलं ती! तिच्या घरचं मी फोडू?"

दामोदर तिथंच थबकला. मग बाहेर येऊन त्यानं स्वतःच शिडी लावली आणि वर चढला. मागच्या खोलीवरच्या जुन्या कौलांवर मोराचा छाप होता. पुढच्या दोन खोल्यांवर हत्ती होता, चांदणी होती, कमळ होतं. काही शेवाळलेली, काही धुरानं काळी. वरूनच त्यानं आळीत नजर टाकली. सहा घरांच्या स्वयंपाकघरांवर नारळाच्या झावळ्या बांधलेल्या होत्या.

तो खाली उतरला आणि विचारत विचारत शेजारच्या गंगव्वाच्या दारी गेला. तिच्या उरलेल्या कौलांवर हत्ती होता. पलीकडच्या घरावर चांदणी.

"सुंटरगाळी आली ना," गंगव्वा वावटळीचं सांगू लागली, तिच्या मोडक्या मराठीत. "वखारीत कौल नाही. मंगळूरहून यायला पंधरा दिवस. मुलीचं लग्न थांबतं का? आम्ही काढून दिली. ठकुअक्का म्हणाली, मृगाच्या आत देते. देणार ती."

"आणि नाही मिळाली तर?"

"तर छत्री धरून भाकरी करीन," म्हणून ती हसली.

पुण्यापासून धरून आठ वर्षं दामोदर पडझड मोजत आला होता, पण अशी पडझड त्यानं पाहिली नव्हती. एका घराचं छप्पर उडालं आणि खिंडारं सहा घरांनी आपणहून वाटून घेतली. या बायकांपुढं आपण किती खुजे, असं त्याला वाटलं आणि ते वाटल्याचं बरंही वाटलं. त्यानं वहीतली ओळ खोडली. नवं लिहिलं: 'नुकसान झाले आहे. ते शेजाऱ्यांच्या छपरांवर पाहिले.'

कचेरीत साहेबानं चष्म्यावरून पाहिलं. "विमा एका घराचा, चिरमुले. सहा घरं कुठली आणलीत?"

"साहेब, शिडी मी धरतो. आपण चढून पाहा."

साहेबाचं पोट शिडीवर चढण्याजोगं नव्हतं. त्यानं सही केली.

मृगाला चार दिवस असताना, विम्याच्या भरवशावर उधारीनं मागवलेल्या कौलांची बैलगाडी आळीत शिरली. मंजुरीचं पत्र द्यायला दामोदर स्वतःच आला होता. ठकुबाईनं सगळी नवी कौलं सहा घरी पोहोचवली. आपल्या छपराला हात लावला नाही. देवक ज्याखाली बसलं, ते छप्पर आता उतरवायचं नाही, असं गंगव्वाचंच म्हणणं पडलं.

शेवटी एक कौल उरलं. ठकुबाईनं ते पदरानं पुसून दामोदरच्या हातात ठेवलं.

"मला कशाला? मी राजाजीनगरात राहतो. वर गच्ची आहे, कौलं नाहीत."

"मग शेजाऱ्याला लागेल कधीतरी. नाव काय त्यांचं?"

नाव दामोदरनं कधी विचारलंच नव्हतं. आठ महिने भिंतीला भिंत लागून होती.

त्या संध्याकाळी कौल काखेत धरून त्यानं शेजारचं दार वाजवलं.