बाभळीचा आकडा आणि मी

मी एक हात बोलतोय. खरा नव्हे, कोपराखाली पट्ट्यांनी बांधायचा, बोटं मिटणारा, प्लास्टिकचा उजवा हात.

माझा जन्म नागपूरच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाला. मला घडवणारी मृणाल सौंसरची. ती नववीत असताना तिच्या वडिलांचा, भिवाजींचा, उजवा पंजा कडबा कापायच्या मशीनमध्ये गेला. त्यांच्यासाठीच ती बायोमेडिकल इंजिनिअर झाली आणि पीएचडीला तिनं मला केलं. मी पेन धरी, कप उचली. परीक्षक खूश झाले. मलाही गर्व चढला, कशाला लपवू!

भिवाजींनी मला डोळ्यांना लावलं. पण त्यांच्या संत्र्याच्या बागेत तोडणीला पहिलंच संत्रं मी चिरडलं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि कपाटात ठेवलं. मग मृणालची बस यायच्या दिवशीच मी बाहेर निघे. फोनवर ती विचारी, "बाबा, हात रोज घालता ना?"

"हो पोरी, त्याच्याच भरोशावर तोडणी करून राहिलो."

कपाटात मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

त्या 'हो'वर मृणालचे शोधनिबंध उभे राहिले. सहा वर्षं रोजचा वापर, असं छापून आलं. प्राध्यापकपदाची मुलाखत ठरली, तेव्हा बाबांच्या पाया पडायला ती न कळवता आली. भिवाजी बागेत होते. उजव्या थोट्या हाताला सुतळीनं बांधलेला बाभळीचा आकडा. त्यानं फांदी ओढायची, डाव्या हातानं फळ तोडायचं.

"काहून सांगतलं नाही बाबा तुमी?"

"तुहं नाव होऊन राहिलं होतं. माह्या एका 'नाही'नं ते काहून बुडवू?"

मृणाल तिथेच बसून रडली. मुलाखतीत तिनं स्वतःच सांगितलं, की ती नोंद खरी नाही. "मी फोनवर विचारलं, डोळ्यांनी पाहिलं नाही," ती म्हणाली. निबंध मागे घेतले. पद हुकलं, ते चार वर्षांनी मिळालं. तोवर दर तोडणीला ती वही घेऊन बागेत बसली. नवा हात तयार होण्याआधीच भिवाजी गेले.

आता दर वर्षी पहिल्या तासाला ती आम्हा दोघांना, मला आणि त्या आकड्याला, टेबलावर ठेवते. "यातला चांगला कोणता?" मुलं मलाच उचलतात. मग ती आकडा त्यांच्या हाती देते. त्याची आतली बाजू झिजून गुळगुळीत झाली आहे. माझ्यावर ओरखडासुद्धा नाही.

मुलांनो, हात जरूर घडवा. पण आधी त्या माणसाच्या बागेत जा, त्याला 'नाही' म्हणू द्या. आणि जमलंच तर मला एकदा झाडाखाली न्या. संत्र्याचा वास माझ्या बोटांना एकदाच लागला होता, तोही भिवाजींनी घाईघाईनं पुसून टाकला.