तेविसावी कुंडी

कुंडी आडवी पाडून तपासनीसांनी तिच्या पाठीवर दोन थापा मारल्या, खोड मुठीत धरलं आणि हलक्या हाताने ओढलं. मातीचा गोळा अख्खाच्या अख्खा बाहेर आला. मुळं इतकी दाटली होती की आणखी एक हंगाम गेला असता तर झाड आतल्या आत गुदमरलं असतं.

"अजून नावाचा पत्ता नाही," ते झाडाला म्हणाले, "आणि जागा मात्र मोठी पाहिजे तुला!"

ऐकायला गच्चीवर कुणी नव्हतं. गेली तीन वर्षं नसायचंच. हा माणूस अंजिरांशी गप्पा मारतो म्हणून इमारतीतले लोक पाठीमागे हसतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण माणसाला दिवसातून चार वाक्यं तरी बोलावी लागतात, नाहीतर घशाला गंज चढतो. मुलगी दूरच्या शहरात. रविवारी तिचा फोन यायचा: जेवलात का, गोळ्या घेतल्या का, झोप लागते का. तिन्ही प्रश्नांना "हो" म्हटलं की फोन संपला. ती प्रत्यक्ष येणं म्हणजे उंबराचं फूल.

त्यांचा जन्म वजनमापे खात्यात गेला होता. दुकानदारांचे काटे तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, आणि रतीभर फरक दिसला तरी सोडायचं नाही. चाळिशीत कुठल्याशा प्रदर्शनातून अंजिराचं एक रोप आणलं आणि तीच नजर अंजिरांवर बसली. पुढे कळलं की अंजिराच्या शेकडो जाती असतात आणि त्या ओळखण्याचं वेड लागलेली आणखी आठ-नऊ माणसं ठिकठिकाणी बसली आहेत. थंडीत पानं झडली की ही मंडळी एकमेकांना काड्या पाठवायची, ओल्या कागदात गुंडाळून, टपालाने. त्यांचे म्होरके म्हणजे एक निवृत्त पोस्टमास्तर. मंडळींचे नियम दोनच. नावाची पाटी शिसपेन्सिलीने लिहायची, कारण पेन्सिल ऊन-पाण्याला दाद देत नाही. आणि तीन हंगाम फळ चाखल्याशिवाय अनोळखी झाडाला नाव द्यायचं नाही.

पहिला नियम तपासनीस सगळ्यांना तावातावाने सांगायचे आणि स्वतःच्या पाट्या मात्र शाईच्या जाड पेनने लिहायचे. अक्षर सुंदर होतं ना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चार वर्षांपूर्वी, थंडी संपता संपता, त्यांच्या बायकोने गच्ची साफ करायला काढली. मळलेल्या पाट्या तिने उपसून गरम साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या, घासल्या, उन्हात वाळवल्या आणि एकेका कुंडीत एकेक खोचून ठेवल्या. तपासनीस बाहेरून आले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बघा, कशा लख्ख झाल्यात!"

लख्खच झाल्या होत्या. एकीवरही अक्षर उरलं नव्हतं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं आता त्यांना वाटायचं. त्यांनी नुसता अबोला धरला. अकरा दिवस. वाढलेलं जेवायचं, ताट धुवायचं, वर जायचं. तिने बोलून पाहिलं, मग तीही गप्प झाली.

त्यानंतर सात महिन्यांनी ती गेली. दुखणं कळलं आणि तीन आठवड्यांत सगळं आटोपलं. "फार उशीर झाला होता," मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. उशीर कुणी केला, असं तपासनीसांनी विचारलं होतं. डॉक्टर त्यांच्याकडे नुसते पाहत राहिले.

मग उरलं हेच काम. पाट्या कोऱ्या झालेली झाडं पुन्हा ओळखायची. वहीत नावं होती बावीस आणि कुंड्या निघाल्या तेवीस. चार वेळा मोजल्या. उभ्या बाजाराची वजनं तपासणाऱ्या माणसाचा स्वतःच्याच गच्चीवरचा हिशेब एकाने चुकत होता! काहीतरी नोंदवायचं राहिलं असेल, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं. पानांचे देठ मोजले, फळं कापून गराचा रंग पाहिला, डोळे मिटून चव घेतली, आणि एकेक करून बावीस नावं परत मिळवली. पेन्सिलीने लिहिली.

तेविसावी मात्र हाताला लागेना. पान पाच बोटांचं, त्यातलं मधलं बोट भलतंच लांब. फळ बाहेरून गबाळं, मळकट हिरवं. कापलं की आत पिकल्या जांभळासारखा गर्द गर. चव अशी की पहिलं फळ खाऊन तपासनीस कुंडीच्या काठावर टेकले होते आणि कुणाला तरी सांगावं म्हणून मागे वळले होते. मागे पाण्याची टाकी होती.

पोस्टमास्तरांना त्यांनी पान पाठवलं, दोनदा फळ पाठवलं.

"हे आपल्यापैकी कुणाचंच नाही," पोस्टमास्तर फोनवर म्हणाले. "मी सगळ्यांना विचारलं. तुम्ही आणलंत कुठून?"

"तेच तर आठवत नाही."

"कमाल आहे! अहो, बायकोचा वाढदिवस विसरतो माणूस, अंजीर कुठून आणलं ते विसरतो होय?"

पोस्टमास्तर आपल्याच विनोदावर हसले आणि मग एकदम ओशाळून गप्प झाले.

तर अशी ही तेविसावी. तिसरा हंगाम संपला होता आणि तिला नव्या कुंडीत हलवायचं म्हणून तपासनीसांनी मातीचा गोळा उलटा केला. तळाच्या भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून काहीतरी ठेवतात. ते स्वतः नेहमी फुटक्या कपाचा तुकडा ठेवायचे. इथे मुळांच्या विळख्यात पत्र्याचं गोल झाकण अडकलं होतं. मलमाच्या डबीचं. त्यांनी ते अंगठ्याने पुसलं. गंजातून उठावाची अक्षरं वाचता आली: नदीपलीकडच्या धर्मादाय रुग्णालयाचं नाव होतं.

त्या रुग्णालयात ते जन्मात गेले नव्हते. ही कुंडी त्यांनी भरलेलीच नव्हती. आणि त्या घरात कुंडी भरू शकेल असं दुसरं माणूस एकच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते बसने पलीकडे गेले. आतल्या चौकात औषधाच्या खिडकीसमोर बाकं मांडलेली, खिडकीतून एक कंपाउंडर नंबर पुकारत होता. आणि चौकाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, ते झाड होतं. फाटकातूनच ओळखू आलं. मोजपट्टीची गरजच पडली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

ते जवळ जाऊन पान उलटून पाहू लागले, तसा मागून आवाज आला.

"हात नका लावू हो, चीक लागला की खाज सुटते."

डोक्याला फडकं बांधलेली, हातात झारी घेतलेली धिप्पाड माळीणबाई उभी होती.

"माहीत आहे," तपासनीस म्हणाले. "माझ्याकडे याच झाडाचं पोर आहे."

"कुणी दिलं?"

"बायकोने."

बाईने झारी खाली ठेवली आणि त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मंगळवारच्या ताई? चेहरा हसरा, सुईची भारी भीती? मग तुम्हीच का ते, अकरा दिवस न बोलणारे?"

पकडलेला दुकानदार जसा काट्याकडे बघतो तसे तपासनीस जमिनीकडे बघत राहिले.

"काडी मीच कापून दिली होती त्यांना," बाई सांगू लागली. "मला म्हणाल्या, 'आमच्या ह्यांना जगातली सगळी अंजिरं ओळखू येतात म्हणे. ही टाकीमागे लावते, पानं आली की गुपचूप त्यांच्यात सरकवते. बघू ओळखतात का.' काय हसायच्या! हातात रिपोर्ट असायचा तरी हसायच्या."

"कसला रिपोर्ट?"

बाई थबकली. "नऊ-दहा महिने येत होत्या की इथे. दर मंगळवारी. तुम्हाला..." तिने वाक्य सोडून दिलं.

जाऊन येते हं, असं बायको मंगळवारी दारातून म्हणायची. तपासनीस वरूनच "हं" म्हणायचे. कुठे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

"इथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, लवकर ऑपरेशन करून घ्या, मोठ्या ठिकाणी जा," बाई आता हळू बोलत होती. "त्या म्हणाल्या, घरी बोलते. पुढच्या मंगळवारी विचारलं तर म्हणे, 'घरी अबोला चाललाय. पाट्या धुतल्या ना मी! ते बोलायला लागले की दोन्ही एकदम सांगते, काडीचंही आणि दुखण्याचंही.'"

"मग?"

"मग काय, बोललात तुम्ही. मी विचारलं, सांगितलंत का? तर म्हणाल्या, 'आत्ता नको, आत्ता कुठे गाडी रुळावर येतेय.' पुढे मी नाही विचारलं. आपण किती विचारणार? एका मंगळवारी आल्या नाहीत, तेव्हाच काय ते समजले."

बाराव्या दिवसाची सकाळ तपासनीसांना लख्ख आठवली. बायको चहाचे दोन कप घेऊन वर आली होती. एक त्यांच्या पुढे धरून ती काहीतरी सांगण्यासाठी श्वास घेत होती, आणि तेवढ्यात ते बोलले होते. अकरा दिवसांनंतरचं पहिलं वाक्य. "यापुढे माझ्या कुंड्यांना हात लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली होती आणि कप ठेवून खाली गेली होती.

"नाव काय हो या अंजिराचं?" माळीणबाईने विचारलं. "ताई म्हणाल्या होत्या, ते येऊन सांगतील."

"मला नाही ओळखता आलं."

बाईने मान हलवली आणि झारी उचलली.

"ती कुठे बसायची?" त्यांनी विचारलं.

"बसायच्या कुठल्या! इथेच, झाडापाशी उभ्या. बाकावरची जागा जास्त आजारी माणसाला राहू दे म्हणायच्या."

बाई पाणी घालत पुढे गेली. तपासनीस झाडापाशी उभे राहिले. खिडकीतून नंबर पुकारले जात होते, माणसं उठत होती, पुड्या घेऊन जात होती. गुडघे दुखायला लागले. बाकावरचा एक जण सरकून म्हणाला, "बसा ना काका. तुमचा कितवा नंबर?"

"माझा नाही," तपासनीस म्हणाले. "बसू दे दुसऱ्या कुणाला."

दुपारी शेवटचा नंबर झाला, कंपाउंडरने खिडकी लावून घेतली, तोवर ते उभेच होते.