गेतोची चौथी पायरी

माझ्या बहिणीची मुलगी दिएला श्कोदर शहरात नांदायला गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाला आमच्या घरातून मी एकटीच गेले. पाश्कला जाता येत नव्हतं. माझ्या भावानं वाता घराण्यातला माणूस मारला होता, आणि पुढच्याच थंडीत भाऊ तापानं गेला. रक्त फेडायचं राहिलं ते त्याच्या मुलावर, पाश्कवर. सूड घेणारे उंबऱ्याच्या आत मारत नाहीत, म्हणून चौदाव्या वर्षी तो घरात बसला, त्याला नऊ वर्षं झाली होती.

हाताच्या अंतरावर बाईमाणूस असेल तर आमच्याकडे गोळी घालत नाहीत. पण पाश्क म्हणायचा, "आत्या, तुझ्या झग्यामागून चालण्यापेक्षा खिडकीत बसलेलं बरं."

दर मंगळवारी लिंदिताबाई त्याला शिकवायला घरी यायची. मी बाजूला लोकर विंचरत बसायची. ऐकता ऐकता साठाव्या वर्षी मलाही अक्षरं आली.

एका मंगळवारी बाईनं पाटीवर पाच पायऱ्या काढल्या. सगळ्यांत खाली भाकर-पाणी, मग जिवाची खात्री, मग आपली माणसं, मग मान. आणि अगदी वर, आपण जे व्हायचं ते होणं.

"एका विद्वानाचं म्हणणं आहे, माणूस खालून वर चढतो," ती म्हणाली. मग तिनं एक रचलेली गोष्ट सांगितली. गेतो नावाचा मेंढपाळ बर्फात गोठ्यात अडकलाय, बाहेर लांडगे फिरतायत. "गेतोला काय हवंय, तो कुठल्या पायरीवर उभा आहे, ते वहीत लिही."

पाश्क हसला. "बाई, ही शिडी सपाटीवरच्या लोकांची. आमच्याकडे शिडी माळ्यावरून खाली सोडतात."

"आणि खालची पायरीच नसली तर?"

"तर उडी मारायची."

"उडी मारतोय म्हणे!" मी म्हणाले. "उंदीर दिसला तर आत्याला हाका मारतोस."

तिघंही हसलो. पण माझा फणीवरचा हात थांबला होता.

संत अन्तोनच्या सणाच्या दिवशी सकाळी मी दूध घेऊन आत आले, तर खाट रिकामी. दाराचा अडसर काढून भिंतीला टेकवलेला. खाटेवर वही उघडी होती. मी बोट ठेवून वाचू लागले.

'गेतोपाशी भाकर आहे. दाराला अडसर आहे. रडायला आत्या आहे. मान मात्र बाहेर आहे. म्हणून गेतो सणाला पूल ओलांडून चर्चमध्ये जाईल. एकटा.'

दुसऱ्या कुणी हे एका श्वासात वाचलं असतं. मला अक्षर अक्षर जुळवावं लागलं. 'एकटा' हा शब्द लागला तेव्हा हातातलं भांडं सुटलं. दूध तिथंच सांडलं. मी अनवाणी धावत सुटले.

पुलाच्या तोंडाशी मी त्याला गाठलं आणि त्याचा हात धरला. पलीकडे दगडावर वाता घराण्यातला थोरला मुलगा न्दुए बसला होता, मांडीवर बंदूक. चर्चला निघालेली माणसं चढावर थबकली होती.

"दिलेमावशी, घेऊन जा त्याला," न्दुए मला म्हणाला. "सणाचा दिवस आहे. नाहीतर ने असाच हाताला धरून, मेणबत्ती लावायला. घास भरवलास का सकाळचा?"

चढावर कुणीतरी हसलं. पाश्कचे कान लाल झाले.

"आत्या, हात सोड."

"नाही सोडणार."

"लोक बघतायत. पाया पडतो तुझ्या, सोड."

मी पकड आणखी घट्ट केली. तरी मनात आलं, शेळीसारखा ओढत नेला तर हा पुढं गावात तोंड कसं दाखवील? तेवढ्या विचारानं माझी बोटं ढिली झाली. तीन-चार पावलांनी काय होतंय, असं वाटलं.

तो ताठ चालत पुढं गेला. एक, दोन, तीन. चौथ्या पावलाला मी हात पुढं केला, पण तो पुरला नाही.

माझ्या भावाचा मुलगा पाश्क संत अन्तोनच्या सणाच्या दिवशी, सकाळच्या पहिल्या घंटेच्या आधी, पुलावर न्दुएच्या गोळीनं गेला. तो तेवीस वर्षांचा होता.