साबणाच्या वड्यांचा पूल

पूल साबणाच्या वड्यांचा होता. खांबांसाठी कपड्यांच्या साबणाची निळी खोकी एकावर एक रचली होती, कठड्याला टूथपेस्टची लांबट खोकी होती आणि रस्ता अंघोळीच्या वड्यांचा. मधोमध पूल तुटलेला दाखवला होता. तिथून काही वड्या चिकटपट्टीला धरून तिरक्या लोंबत होत्या. खाली नदी म्हणून निळं प्लास्टिक अंथरलं होतं. आणि तुटलेल्या टोकावर, पुढची चाकं हवेत, अशी एक लाल बस. खेळण्यांच्या विभागातली. तिच्या टपावर किमतीची चिठ्ठी तशीच होती.

मी चहापत्ती आणायला गेलो होतो, तो दाराशीच थांबलो. वर टांगलेल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पूल दुर्घटनेतील मृतांना विनम्र श्रद्धांजली’. त्याच्याखाली, लाल रंगात, दुप्पट मोठं, ‘भाव कोसळले!’

मी कपाळाला हात लावला, कारण या दोन्ही ओळी मीच तपासून दिल्या होत्या.

त्या दुकानाचे व्यवस्थापक म्हणजे आमचे जावई. मी जन्मभर छापखान्यात प्रुफं वाचली, म्हणून मोठ्या फलकांचा मजकूर ते आधी माझ्या फोनवर धाडतात. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? या वयात कुणाला माझी गरज पडते ती एवढीच. या वेळी एक ओळ आधी आली आणि दुसरी दोन-तीन दिवसांनी. पहिलीत मी ‘दूर्घटना’चा दू ऱ्हस्व केला, ‘श्रध्दांजली’तले उलटे जोडलेले द आणि ध सरळ केले. दुकानाला श्रद्धांजली कशाला हवी, असं मनात आलं होतं. पण प्रुफं वाचणाऱ्यानं मजकुरात नाक खुपसू नये, अशी स्वतःची समजूत घातली. दुसरी ओळ ‘भाव कोसळले!!!’ अशी आली. मी दोन उद्गारचिन्हं उडवली आणि पुढे वाचायला घेतलेल्या पुस्तकात डोकं घातलं. या दोन ओळी शेजारी शेजारी टांगल्या जातील असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

काही वर्षांपूर्वी तो पूल पडला तेव्हा माझे मेव्हणे त्या बसमध्ये होते. साऱ्या देशानं ती लोंबणारी बस दिवसभर टीव्हीवर पाहिली. माझी धाकटी बहीण तेव्हापासून माझ्याकडे राहते. शिवणाच्या कारखान्यात कामाला जाते, आणि संध्याकाळी कारखान्याची गाडी तिला बरोबर या दुकानाच्या काचेसमोर सोडते. आज ती उतरायच्या आत हा पूल तिथून हटायला हवा होता. काम एवढंच होतं. कुणाही धड माणसानं ते चटकन उरकलं असतं.

जावई हात पसरत आले. “अण्णा! बघितलंत? कसा वाटला?”

“काय?”

“काय म्हणजे? पूल!”

“पूल... हुबेहूब आहे,” मी म्हणालो. काय म्हणायचं होतं आणि काय म्हणून बसलो!

“चार दिवस खपतोय सगळे. मुख्य कार्यालयाची अट आहे, प्रत्येक शाखेनं काहीतरी विशेष मांडायचं. त्या दुसऱ्या शाखेनं काय केलंय माहितीय? शांपूचा मनोरा! आता शांपूच्या मनोऱ्यात काय भावना आहे, सांगा.”

“जावईबापू, मला वाटतं, हे जरा...”

त्यांचा चेहरा उतरला. “ऱ्हस्व-दीर्घ चुकलं का?”

“नाही, ते बरोबर आहे.”

“हुश्श! घाबरवलंत की राव.”

“तसं नाही. म्हणजे असं बघा, दुःख एकीकडे आणि साबण...”

“तेच तर! दोन्ही एकत्र कुणी आणलंच नव्हतं. मी तर उद्घाटनाला आत्यांनाच बोलावणार होतो. पण ही नको म्हणाली.”

ही म्हणजे माझी लेक. तिचा एवढा अभिमान मला ती पदवीधर झाली तेव्हाही वाटला नव्हता.

“त्यांना... म्हणजे आत्याला... त्रास होईल,” मी कसंबसं म्हणालो.

“का? अण्णा, आज पेपरात ती बातमी कुठल्या पानावर होती?”

बातमी आतल्या पानावर होती, कोपऱ्यात. मी सकाळी वाचली होती, आणि ‘स्मृतिदिना’तली ति दीर्घ छापली म्हणून चरफडलोही होतो.

“बघा. पेपरवाले विसरले, सरकार विसरलं. आम्ही आठवण तरी ठेवतोय. त्यात चार वड्या खपल्या तर काय पाप झालं?”

झालं. समोरचा ठामपणे बोलला की मला त्याचंच खरं वाटायला लागतं. खरंच, काय पाप झालं? पेपरवाल्यांनीही तेव्हा त्या बसचे फोटो छापून अंक विकलेच होते. आमच्या छापखान्यानं त्यावर जाडजूड विशेषांक काढला होता आणि प्रुफं मीच वाचली होती. मी कोण लागून गेलो यांना शिकवणारा?

तेवढ्यात एक बाई पुलासमोर थांबल्या. “अगंबाई, किती माणसं गेली हो तेव्हा!” म्हणाल्या, डोळे टिपले, आणि कठड्याकडे बोट करून विचारलं, “यावर एकावर एक आहे का?”

“दोनावर एक, ताई,” जावई लगबगीनं म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे वळून भुवया उडवल्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तोंडातून मात्र निघालं ते “हं”.

बाहेर जाऊन गल्लीला एक फेरी मारली. मनात वाक्य जुळवलं, खोडलं, पुन्हा जुळवलं. चांगलं खणखणीत वाक्य होतं. परत येऊन जावयांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “निदान बस तरी काढा.”

“बस काढली तर पूल कुठला ते कळणार कसं?” ते म्हणाले. म्हणाले ते समजूत घालण्याच्या सुरात, त्यामुळे आणखीच संताप आला. स्वतःचाच.

आणि बाहेर कारखान्याची गाडी थांबली.

धाकटी उतरली. काचेशी थांबली. मी आत, कॅलेंडर बघावं तसा डिटर्जंटच्या पुड्याकडे बघत उभा. ती आत आली, पूल पाहिला. पण पुलापेक्षा जास्त वेळ तिनं मान वर करून फलक वाचला.

“हे कुणी तपासलं?” विचारलं ते जावयांना नाही, मला.

“काय गं?”

“दुकानभर ‘दुध’ आणि ‘साबन’ लिहिलेलं असतं. इथे तेवढा द आणि ध नीट जोडलाय. आणि उद्गारचिन्ह एकच? जावईबापू तीनाच्या खाली येत नाहीत.”

“अण्णांनीच पास केलंय, आत्या,” जावई कौतुकानं म्हणाले. “मघाशी पूलही बघितला. हुबेहूब आहे म्हणाले.”

धरणीनं मला पोटात घ्यावं असं वाटलं. “अगं, मला दोन्ही ओळी वेगवेगळ्या...”

“तू कधीपासून आहेस इथे, दादा?”

“मघापासून.”

“मग यांना काय सांगितलंस?”

“बस काढा म्हणालो.”

“पुन्हा सांगितलंस?”

मी पुन्हा डिटर्जंटच्या पुड्याकडे बघायला लागलो. तिनं माझ्याकडे बघणंही सोडून दिलं. पुढे होऊन तिनं ती बस उचलली. लोंबणारी एक वडी सुटून खाली प्लास्टिकवर पडली. बस घेऊन ती सरळ पैसे भरायच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

जावई मागून धावले. “अहो आत्या, ती विकायची नाही. शोभेची आहे.”

“टपावर किंमत लिहिलीय की.”

“मग तशीच घेऊन जा ना! घरच्या माणसांकडून काय पैसे घ्यायचे?”

“घ्या पैसे!”

आवाज एवढा चिरका होता की तो माझा नसता तर कोण ओरडलं ते बघायला मीही मान वळवली असती. “घ्या म्हणतो ना! सकाळपासून विकताय ना हे सगळं? तिचा नवरा होता त्या बसमध्ये! अख्ख्या गावाला मांडून दाखवलंत, दोनावर एक दिलंत, आणि तिलाच तेवढं फुकट? घ्या पैसे आणि रीतसर पावती द्या तिला!”

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मघाच्या बाईंच्या हातात तीन वड्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी त्या निळ्या प्लास्टिकवरच ठेवल्या आणि त्या बाहेर पडल्या.

जावई माझ्याकडे वळले. “मला खरंच वाटलं होतं, आत्यांना बरं वाटेल. तुम्ही आधी का नाही बोललात, अण्णा?”

त्या वाक्यात काना-मात्रेचीही चूक नव्हती.

ते स्वतः स्टुलावर चढले आणि त्यांनी फलक काढला. दोन कामगार खोकी उचलायला वाकले. रांगेतूनच धाकटी म्हणाली, “अहो, खालून नका काढू. पडेल सगळं.” मग तिनं पैसे मोजून दिले आणि पावती घडी करून पर्समध्ये ठेवली.

घरी जाताना बस तिच्या पिशवीतून डोकावत होती. कोपऱ्यावर तिनं ती आत ढकलली. मग म्हणाली, “बस पांढरी होती. एवढी टीव्हीवर दाखवली, तरी यांना रंग आठवला नाही.”

“चुकलंच माझं.”

“हो, चुकलं.” थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, “ओरडताना तुझा आवाज फाटतो, दादा.”

“हो का?”

“फार वाईट फाटतो. चहापत्ती आणलीस का?”

ती राहूनच गेली होती.

जेवायला बसलो तेव्हा फोन वाजला. जावयांचा मजकूर आला होता. ‘आजच्या मांडणीबद्दल आम्ही दिलगिर आहोत!!! अण्णा, हे उद्या दारावर लावतो. गि ऱ्हस्व की दीर्घ?’

अंगठा सवयीनं अक्षरांवर गेला. मग मी तो उचलला आणि सावकाश लिहिलं, ‘दारावर काही लावू नका. आत्ता आत्याला फोन करा आणि तोंडानं बोला!!!’

पाठवण्याआधी दोन उद्गारचिन्हं खोडायचा मोह झाला. राहू दिली.